तात्पुरतं नावाचं फोल्डर

फोल्डर उघडलं तर आत काहीच नव्हतं. त्याने ते बंद केलं आणि पुन्हा उघडलं, भूक लागल्यावर माणूस रिकामा फ्रिज दोनदा उघडून बघतो तसं. दुसऱ्यांदाही आत काहीच नव्हतं. शनिवारची दुपार होती, जेवणं झालेली, पलीकडच्या खोलीत वडील आरामखुर्चीत बसलेले, आणि दाराशी चपलांच्या कपाटात त्याचा सर्व्हर जणू काही घडलंच नाही अशा थाटात घरघरत होता. कालच वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, "यांचा आधीचा आवाज कुठे रेकॉर्ड केलेला आहे का हो? थोडासा असला तरी चालेल." आणि त्याने छाती फुगवून सांगितलं होतं, "आहे की. थोडासा नाही, दोन तास चाळीस मिनिटं आहे. माझ्या स्वतःच्या सर्व्हरवर आहे." त्यातल्या 'स्वतःच्या'वर त्याने जरा जास्तच जोर दिला होता. बाईंना सर्व्हर म्हणजे काय ते कळलं नसावं, त्या म्हणाल्या, "मग सोमवारी घेऊन या." वडील शेजारच्या खुर्चीत होते. त्यांनी हे सगळं ऐकलं होतं, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच मान वळवून त्याच्याकडे जरा बरं वाटल्यासारखं बघितलं होतं. त्या बघण्याची आता त्याला भीती वाटायला लागली.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी दाढी करता करता वडिलांच्या हातातून ब्रश पडला आणि त्याबरोबर बोलणंही गेलं. उजवा हात बऱ्यापैकी परत आला. बोलणं आलं नाही. समोरचा काय म्हणतो ते सगळं कळायचं, पण तोंडातून एकच शब्द यायचा, 'नाही'. भूक लागली तरी नाही, पोट भरलं तरी नाही, पंखा लावू का तरी नाही, आणि लावल्यावर चेहरा खुलायचा तेव्हाही नाही. चाळीस वर्षं तंत्रशाळेत लेथ मशीन शिकवलेला माणूस. मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय असलेला. तो आता एका शब्दात कोंडला गेला होता. मग मुलाने काय केलं, तर एक टॅबलेट घेतला आणि त्यावर मोठी मोठी चित्रं मांडली. पाणी, चहा, खिडकी, वेदना, फोन, उजेड, चष्मा, संडास. चित्रावर बोट ठेवलं की टॅबलेट तो शब्द बोलणार. हे त्याच्या रोजच्या धंद्यातलंच काम होतं. तो एका कंपनीत लिफ्टच्या आतले बटणांचे स्क्रीन, म्हणजे पडदे, आखायचा. कुठलं बटण कुठे, केवढं, दाबल्यावर काय झालं पाहिजे, यावर त्याच्या आयुष्याची अठरा वर्षं गेली होती. वडिलांसाठीचा तो पडदा त्याने आठ वेळा बदलला. वडिलांनी आठही वेळा पाण्याच्या चित्रावर बोट ठेवलं, टॅबलेटमधली बाई बातम्या दिल्यासारखं "पाणी" म्हणाली, आणि वडिलांनी टॅबलेट पालथा घालून ठेवला. नाही. त्यामुळेच बाईंनी आवाजाचं विचारलं होतं. स्वतःच्या आवाजात शब्द आला तर काही माणसं ते यंत्र जवळ करतात, असं त्यांचं म्हणणं होतं. तुरळक का होईना, करतात.

सर्व्हरचंही असंच झालं होतं. सहा वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यात भूत शिरलं की आपल्या घरातले फोटो, कागद, गाणी कुठल्या परक्याच्या यंत्रावर राहता कामा नयेत. एक जुना संगणक, दोन डिस्का, एक पंखा, एवढ्यावर सुरुवात झाली आणि हळूहळू घरातलं सगळंच त्या कपाटातून चालायला लागलं. बायको त्याला खोका म्हणायची. खोका आजारी आहे का, खोका रुसलाय का, तुझ्या खोक्याला सांग मला माझ्या मावशीच्या लग्नाचे फोटो हवेत. ती दातांची डॉक्टर होती आणि मोजकं बोलायची, पण त्या मोजक्यातलं निम्मं खोक्याबद्दल असायचं. एकदा त्याने दुपारी काहीतरी सुधारणा केली आणि बाथरूमचा दिवा खोक्याच्या हुकमाशिवाय लागेना. तिने चार दिवस अंधारात दात घासले आणि पाचव्या दिवशी भिंतीवर साधं बटण बसवून घेतलं. वायरमनला तिने आधी विचारलं, "हे नुसतं दाबलं की लागतं ना?" त्याला ते लागलं होतं. घरात कोणाचं काहीही अडलं की आधी त्याच्या नावाने हाक, आणि सगळं सुरळीत चाललं की त्याचं नावही नाही. एखाद्या गोष्टीची काळजी आपण वाहतो हे कोणाच्या लक्षातच येऊ नये इतकी ती नीट वाहावी, असं तो ऑफिसात नवीन लोकांना शिकवायचा, आणि घरी तसंच झालं की चिडायचा.

त्याने खोक्याची नोंदवही उघडली. खोका सगळं लिहून ठेवत असे, ती त्याचीच शिस्त. शोधायला फार वेळ लागला नाही. एक वर्ष सात महिन्यांपूर्वी, एका मंगळवारी दुपारी बारा वाजता: 'तात्पुरतं' फोल्डरमधून चारशे बारा फाइली काढल्या, चुका शून्य. त्याने ती ओळ तीनदा वाचली. मग सगळं आपोआप आठवत गेलं, आठवू नये असं वाटत असतानाही. डिस्क भरत आली होती. शनिवार-रविवार बसून त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता, की 'तात्पुरतं' नावाच्या फोल्डरमध्ये ज्या फाइलीला वर्षभर कोणी हात लावलेला नाही ती काढून टाकायची. सुरेख प्रोग्रॅम. तीस ओळींचा. तो चालला की फोनवर निरोप यायचा, सफाई पूर्ण, आणि तो निरोप त्याने दर आठवड्याला अंगठ्याने बाजूला सारला होता. दुसरी डिस्क पहिलीची हुबेहूब नक्कल ठेवायची, दररोज, न चुकता. पहिलीने जे टाकलं ते दुसरीनेही त्याच दिवशी इमानदारीने टाकलं. दोन डिस्का आहेत म्हणून तो सहा वर्षं निर्धास्त झोपला होता. आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेवर नंतर काय काय साठलं, तर बायकोच्या दवाखान्याचे एक्स-रे, गच्चीवरच्या कुंड्यांचे फोटो, तो बनवत असलेल्या खेळासाठी उतरवून घेतलेले गंजलेल्या पत्र्यांचे नऊशे नमुने. त्याखाली दबलेलं जुनं काही परत मिळणार नव्हतं. तरी त्याने दोन तास प्रयत्न केला. मिळालं नाही.

"काय शोधतोयस?" बायकोने दारातून विचारलं.

"बाबांचं रेकॉर्डिंग."

"मिळेना?"

"नाहीच आहे. पुसलं गेलं."

ती आत आली आणि त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत उभी राहिली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण 'तात्पुरतं' हा शब्द वाचता येत होता. "तू बाबांचा आवाज याच्यात ठेवला होतास?"

"त्या दिवसापुरता. नंतर हलवणार होतो. आधी त्यातला पंख्याचा आवाज काढायचा होता, मग नीट नावं देऊन."

"हलवायला किती वेळ लागला असता?"

"दोन सेकंद."

ती काही बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. ती बाहेर गेली आणि वडिलांच्या खोलीचं दार हळूच ओढून घेतल्याचा आवाज आला.

तो खेळ. नऊ वर्षं तो संगणकावर एक खेळ बनवत होता. बंद पडलेला एक कारखाना, त्यात खेळणारा एकटाच शिरतो, एकेक मशीन दुरुस्त करून चालू करत जातो, आणि भिंतीवरच्या भोंग्यातून एक म्हातारा फोरमन त्याला सांगत राहतो. एवढंच. त्याची अकरा वेळा सुरुवात झाली होती आणि शेवट एकदाही नाही. एका दाराच्या कडीवर त्याने सहा महिने घालवले, ती उघडताना किती अडली पाहिजे आणि मग किती सैल झाली पाहिजे यावर. कडी अप्रतिम झाली. दाराच्या पलीकडे खोली नव्हती. मित्र आधी विचारायचे, कुठवर आला तुझा खेळ, मग हसून विचारायला लागले, मग विचारायचे बंद झाले. तो मात्र दर वेळी मनापासून सांगायचा, या वर्षी होईल. त्याचं सगळंच असं होतं आणि त्याला ते माहीत होतं, आणि माहीत असूनही काही होत नव्हतं, याचाच त्याला सर्वांत जास्त वैताग यायचा. फोरमनचा आवाज वडिलांचा घ्यायचा हे ठरायला मात्र वेळ लागला नव्हता. दुसरा कोण घेणार.

चार वर्षांपूर्वीची ती दुपार. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून त्याने वडिलांना कपड्यांच्या कपाटात स्टुलावर बसवलं होतं, तोंड शर्टांकडे. हातात कागद, कागदावर चाळीस वाक्यं. वडिलांनी पहिलं वाक्य वाचलं आणि थांबले. "असं कोण बोलतं रे? 'सावधान, दाब वाढतो आहे.' दाब वाढला तर मी असं म्हणेन होय? मी म्हणेन, अरे हात काढ आधी." त्याने दातओठ खात वाक्य बदललं. मग पुढचं. मग वडिलांना घाम आला, मग पाणी हवं झालं, मग चष्मा दुसरा हवा होता, मग कुणा विद्यार्थ्याची गोष्ट निघाली. लेथच्या चकमध्ये, म्हणजे काम पकडणाऱ्या जबड्यात, किल्ली तशीच विसरून मशीन सुरू केलेला तो मुलगा, किल्ली खिडकीतून बाहेर कशी गेली आणि मुख्याध्यापकांच्या मोटारीवर कशी आदळली. वडील स्वतःच हसत सुटले. शर्ट हलत होते. "बाबा, वाक्य घ्या ना पुढचं," तो कपाटाबाहेरून म्हणत होता. "घेतो रे. घाई काय आहे? दिवा लाव जरा. खिडकी उघड. तुझ्या आईला हा शर्ट आवडायचा, हा का घालत नाहीस तू? झालं का रे? चालू आहे का ते अजून?" ते चालूच होतं. त्याने बंदच केलं नव्हतं. कामाची वाक्यं मिळून सात-आठ मिनिटं होती आणि बाकीचे अडीच तास हे असे. त्या संध्याकाळी वैतागलेल्या मनाने त्याने हिशेब केला होता की हे सगळं फालतू कापून काढायला निदान एक आठवडा जाईल, आणि ते तसंच ढकलून दिलं होतं, तात्पुरतं. पाणी. चष्मा. दिवा लाव. खिडकी उघड. टॅबलेटवरची जवळजवळ सगळी चित्रं त्या कापून टाकायच्या बोलण्यात होती. बाईंना दुसरं काय हवं होतं?

आणि ऑफिसात याच माणसाने एका प्रश्नावरून सहा महिने भांडण केलं होतं. लिफ्ट दुरुस्तीच्या पडद्यावर जुन्या नोंदी पुसायचं बटण होतं. ते दाबल्यावर 'नक्की पुसायचं का?' असं विचारलंच पाहिजे, यावर तो अडून बसला. बैठकीमागून बैठक. माणूस घाईत असतो, माणूस दमलेला असतो, माणूस चुकतो, आणि चुकीवरून परत फिरता आलं पाहिजे, हे त्याने फळ्यावर लिहून, चित्रं काढून, आवाज चढवून सगळ्यांना पटवलं. साहेब शेवटी हात टेकून म्हणाले, "बरं बाबा, विचार." आणि घरी त्याने स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये तो प्रश्न ठेवला नव्हता. कशाला ठेवायचा? घरी एकच वापरणारा, तो स्वतः, आणि त्याला सगळं माहीत होतं.

संध्याकाळपर्यंत त्याने घरातले सगळे व्हिडिओ पालथे घातले. लग्नं, वाढदिवस, समुद्र, प्राणिसंग्रहालय. वडील सगळीकडे होते आणि कुठेच बोलत नव्हते. कॅमेरा आपल्याकडे वळला की ते हात हलवून चौकटीबाहेर जायचे. एका लग्नात ते कोपऱ्यात कोणाशी तरी तावातावाने बोलताना दिसत होते, पण वर बँड वाजत होता. एका वाढदिवसाला त्यांचं खोकणं ऐकू आलं, स्पष्ट, त्यांचंच, आणि ते खोकणं त्याने चार वेळा ऐकलं. फोनवर ते कधी दोन वाक्यांपलीकडे बोलले नाहीत. ते तरी कुठे राहिलं असणार? त्याला एकदम वडिलांचाच राग आला. शाळेत पंचवीस मुलांसमोर घसा फोडून बोलणारा हा माणूस, घरात कॅमेरा दिसला की मुखदुर्बळ. मग त्या नोंदवहीतली तारीख पुन्हा आठवली. एक वर्ष सात महिने. त्या मंगळवारी दुपारी बारा वाजता वडील याच घरात होते, धडधाकट, बहुधा जेवायला काय आहे म्हणून विचारत असतील. त्यानंतर जवळजवळ वर्षभर ते रोज बोलत होते. कुठल्याही दिवशी फोन समोर धरून म्हणता आलं असतं, बाबा, काहीतरी बोला. पण आपल्याजवळ आहे ना, दोन तास चाळीस मिनिटं. तो उठून उगीच पाणी प्यायला गेला. वडिलांच्या दाराशी थांबला. "बाबा, उजेड करू का?" आतून आवाज आला, "नाही." त्याने दिवा लावला. वडिलांनी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या हातांकडे बघितलं, हातात काही आहे का म्हणून. ते वाट बघत होते.

त्याने ताईला फोन केला. ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, दोन तासांच्या अंतरावर राहायची, एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात हयात गेल्यामुळे तिच्याशी बोलायला त्याला नेहमीच थोडी भीती वाटायची.

"तुझ्याकडे बाबांचा आवाज कुठे असेल का गं? व्हिडिओत, निरोपात, कशातही?"

"का? तुझ्याकडे आहे ना सगळं. तुझ्या त्या गोदामात."

"होतं. पुसलं गेलं."

"कोणी पुसलं?"

"प्रोग्रॅमने. म्हणजे मीच लिहिलेला होता. म्हणजे तसं ते आपोआपच..."

"बरं," ताई म्हणाली. ती ओरडली नाही याचं त्याला आश्चर्य वाटलं. "माझ्या जुन्या फोनमध्ये तुझा तो खेळ आहे."

"कुठला खेळ?"

"कुठला म्हणजे? तू किती खेळ केलेस? तो कारखान्याचा. तू मला खेळून बघायला दिला होतास, काय वाटतं ते सांग म्हणून. मी पहिल्या खोलीच्या पुढे कधी गेलेच नाही. पट्टा कुठल्या चाकावर चढवायचा तेच कळत नाही त्यात. फारच वाईट केलायस."

तो विसरूनच गेला होता. रेकॉर्डिंगच्या दुसऱ्याच आठवड्यात, उत्साहाच्या भरात, त्याने पहिली खोली कशीबशी पुरी करून तिला पाठवली होती. तेवढ्यापुरती चार वाक्यं साफ करून आत घातली होती. ती वाक्यं खेळाच्या आतच बसवलेली. खोक्याचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता.

"ताई, तो फोन चालू आहे?"

"चालू आहे. मी चार्ज करून ठेवते तो."

"का?"

"का म्हणजे काय? बाबांचं असं झाल्यापासून मी बसते कधीकधी घेऊन. मुद्दाम पट्टा चुकीच्या चाकावर चढवायचा, की बाबा रागावतात. पुन्हा चढवायचा, पुन्हा रागावतात." तिचा आवाज एकदम चिडका झाला. "तुझ्या खेळाचा कोणाला तरी उपयोग झाला म्हणायचा. उद्या सकाळी येते."

फोन ठेवल्यावर तो तसाच बसून राहिला. नऊ वर्षं ज्या खेळाची त्याला लाज वाटत होती तो खेळ कोणीतरी पुन्हा पुन्हा खेळत होतं, आणि जिंकायला नाही.

ताई रविवारी सकाळी दहाच्या बसने आली. पायातल्या चपला काढायच्या आधी तिने फोन त्याच्या हातात ठेवला आणि कपाटाकडे बघून म्हणाली, "चपला कुठे ठेवायच्या? इथे तर तुझं यंत्र आहे." मग ती वडिलांच्या शेजारी जाऊन बसली आणि त्यांची नखं कापायला घेतली. त्याने वायर जोडली, खेळ उलगडून आतल्या फाइली काढल्या. काम पाऊण तासाचं होतं. हाताला लागली ती चारच वाक्यं. त्याने कानाला हेडफोन लावून ती ऐकली. चार वर्षांत पहिल्यांदाच. 'थांब.' 'हात काढ आधी.' 'तसं नाही.' 'पुन्हा कर.' खेळणारा चुकला तरच फोरमन बोलतो. बरोबर केलं तर तो गप्प बसतो, आणि मशीन सुरू होतं. ही कल्पनाही वडिलांचीच होती. कौतुकाची दोन वाक्यं त्याने कागदावर लिहिली होती, ती वडिलांनी वाचायलाच नकार दिला. "काम बरोबर झालं की मशीनच सांगतं. मी मध्ये कशाला बोलू?" वडिलांच्या आयुष्यभराच्या आवाजातून त्याच्यापर्यंत एवढंच पोचलं होतं. ना पाणी, ना खिडकी, ना ती किल्लीची गोष्ट. चार वाक्यं, तीही ओरडायची. सोमवारी बाईंना हे दाखवायचं. त्याला हसू फुटलं आणि ते हसणं भलतीकडे जायला लागलं तसा तो उठला.

टॅबलेटवरची आठ चित्रं काढून त्याने चार मोठी बटणं केली. चित्रं काढत बसला नाही, नुसते शब्द लिहिले. वडिलांना वाचता येत होतं, हे आठ महिने कोणी फारसं लक्षात घेतलं नव्हतं, त्याने तर नाहीच. ताई आणि बायको स्वयंपाकघरात होत्या. त्याने खुर्ची ओढली, वडिलांच्या समोर बसला आणि टॅबलेट त्यांच्या मांडीवर ठेवला. वडिलांनी चार शब्द वाचले. मग डाव्या हाताचं बोट पहिल्यावर ठेवलं.

"थांब," वडील म्हणाले, टॅबलेटमधून.

स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज बंद झाला. वडिलांनी बोट उचललं नाही. त्यांचे ओठ थोडे हलले, मागून चाचपडत आल्यासारखे, आणि डोळे भरून आले. त्याने मान खाली घातली. आता सांगून टाकायला हवं होतं. सोमवारच्या आत, यांनी उरलेलं कुठे आहे म्हणून शोधायच्या आत.

"बाबा, एवढंच आहे. बाकीचं नाही मिळालं," तो म्हणाला. "काय झालं, की डिस्क भरत आली होती. तर मी एक प्रोग्रॅम लावला होता सफाईचा. आणि दुसरी डिस्क होती, पण ती नक्कल करणारी, म्हणजे पहिलीवर जे होतं तेच तिच्यावर होतं. त्यामुळे दोन्हीकडून ते निघालं. असं होऊ शकतं. मोठमोठ्या कंपन्यांत होतं."

वडील ऐकत होते. विद्यार्थ्याने करून आणलेला तुकडा ते उजेडात धरून बघायचे तसे ते त्याच्याकडे बघत होते. मग त्यांचं बोट सरकलं.

"तसं नाही."

वडिलांचं बोट चौथ्या बटणाकडे गेलं, जरा चुकलं, पुन्हा उचललं आणि नीट टेकलं.

"पुन्हा कर."

"चूक माझी आहे, बाबा," तो म्हणाला. "ती फाइल मी चुकीच्या ठिकाणी ठेवली. नाव चुकीचं दिलं. हलवायची राहून गेली. प्रोग्रॅमने विचारायला हवं होतं, ते मी त्यात घातलं नव्हतं. मी दुसऱ्यांना शिकवतो हे सगळं. माझं मला कळायला हवं होतं."

"तसं नाही. पुन्हा कर."

या वेळी बोट चुकलं नाही. वडिलांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घाईही नव्हती. ते वाट बघत होते, आणि त्याला कळलं की ही वाट संपणारी नाही. संध्याकाळ झाली तरी ते असेच बसतील आणि तो जितक्या वेळा चुकीचं सांगेल तितक्या वेळा बटण दाबतील. त्याला वैताग आला, शाळकरी पोराला येतो तसा, डोळ्यांत पाणी आणणारा. अजून काय सांगायचं राहिलंय? सगळं तर सांगितलं. मग जे राहिलं होतं ते त्याला दिसलं. ते कालपासून तिथेच होतं आणि तो त्याच्याभोवती फिरत होता.

"तो प्रोग्रॅम सगळंच पुसत नव्हता," तो म्हणाला. "वर्षभरात कोणी एकदाही उघडलं नाही तेवढंच पुसत होता. वर्षातून एकदा जरी मी ते ऐकलं असतं ना, बाबा, तरी ते राहिलं असतं. पाच मिनिटं जरी ऐकलं असतं. तुम्ही अडीच तास बोललात आणि मी ते कधी ऐकलंच नाही."

वडिलांचं बोट पडद्याच्या वर थांबलं होतं. तो त्या बोटाकडे बघत राहिला. थोड्या वेळाने वडिलांनी ते मागे घेतलं, टॅबलेट मांडीवरून बाजूला सरकवला आणि हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला.